अंबाडीचा चहा आणि बीपीची गोळी

बीपी वाढलेला निघाला की डॉक्टरांची चिठ्ठी हातात पडण्याआधीच शेजारपाजारचे सल्ले सुरू होतात. कोणी अर्जुनाची साल उकळून प्यायला सांगतो, कोणी तुळस आणि गवती चहाची शिफारस करतो, तर कोणी मोबाइलवर आलेला व्हिडिओ पुढे पाठवून ‘पंधरा दिवसांत गोळी बंद’ असा भरवसा देतो. या सगळ्या सल्ल्यांना एकाच तराजूत तोलून ‘खोटे’ म्हणणे जितके सोपे, तितकेच ‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार?’ असे म्हणणेही सोपे. दोन्ही चूक आहे. वनस्पतींच्या चहांपैकी एकाची रक्तदाबावरची परीक्षा माणसांवर, तुलना ठेवून, बऱ्यापैकी झालेली आहे, आणि ती वनस्पती यवतमाळ जिल्ह्याला परकी नाही. ती आहे लाल अंबाडी, आपल्या वावराच्या धुऱ्यावर, पऱ्हाटी-तुरीच्या कडेने उभी असणारी. मोजून घेतली, बीपी मोजत राहिलो आणि डॉक्टरांची गोळी चालू ठेवली, तर तिचा उपयोग होऊ शकतो. गोळीच्या जागी घेतली, तर तीच अंबाडी घात करू शकते. या लेखाचा सारा भर या फरकावर आहे.

आधी आजाराचे स्वरूप नीट समजून घ्यायला हवे, कारण चहाबद्दलचे बहुतेक गैरसमज तिथूनच निघतात. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजूनही रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त येत राहिला, तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. घरी मोजताना हीच रेषा १३५/८५ अशी थोडी खाली धरतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारतातल्या प्रौढांपैकी ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आहे, म्हणजे तीन माणसांत एकाहून थोडे जास्त. यातल्या बहुतेकांना काहीच त्रास होत नाही. डोके दुखणे, घाबरल्यासारखे होणे, मान धरणे यांवरून बीपीचा अंदाज बांधणारे फसतात. कित्येकांचा दाब १७० वर असूनही त्यांना ठणठणीत वाटते, आणि दुखऱ्या डोक्याच्या माणसाचा दाब अगदी व्यवस्थित असतो. त्यामुळे ‘काढा घेतल्यापासून बरे वाटते’ हे वाक्य प्रामाणिक असले तरी रक्तदाबाबद्दल काहीही सांगत नाही. काय घडले ते फक्त यंत्रावरचा आकडा सांगतो. काढ्याची परीक्षा त्या आकड्यावरच व्हायला हवी.

अशी परीक्षा लाल अंबाडीची झाली आहे. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६५ जणांचा समावेश होता. त्यांच्या वरच्या दाबाचा आकडा १२० ते १५० च्या दरम्यान होता आणि ते बीपीची गोळी घेत नव्हते. काहींना सहा आठवडे रोज तीन पेले अंबाडीचा चहा दिला गेला आणि उरलेल्यांना तशाच चवीचे, पण अंबाडी नसलेले पेय. चहा घेणाऱ्यांचा वरचा दाब सरासरी ७.२ अंकांनी उतरला, दुसऱ्या गटाचा १.३ अंकांनी. मेक्सिकोत २००४ मध्ये ७५ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात चार आठवडे रोज सकाळी १० ग्रॅम सुक्या अंबाडीचे पाणी दिले गेले, आणि त्याची तुलना कॅप्टोप्रिल या गोळीच्या बेताच्या मात्रेशी केली गेली. दोन्ही गटांत दाब उतरला आणि दोघांत मोठा फरक दिसला नाही. पुढे २०१५ मध्ये पाच अभ्यासांतल्या ३९० माणसांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा वरच्या दाबात सरासरी साडेसात आणि खालच्या दाबात साडेतीन अंकांची घट दिसली. अंबाडीला लाल रंग देणारी अँथोसायनिन द्रव्ये रक्तवाहिन्या आकसवणाऱ्या एका विकराला अडवतात आणि चहामुळे लघवीही थोडी वाढते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. म्हणजे परिणाम का व्हावा, याचे सयुक्तिक कारणही हाती आहे.

आता या सात-साडेसात अंकांची किंमत किती, ते पाहू. गोळ्यांच्या ४८ अभ्यासांतल्या सुमारे ३ लाख ४४ हजार लोकांचा एकत्रित आढावा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. वरचा दाब पाच अंकांनी उतरला तर हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना सुमारे दहा टक्क्यांनी कमी होतात, असे त्यात आढळले. त्यामुळे सात अंक क्षुल्लक नाहीत. पण हा हिशेब गोळ्यांचा आहे, वर्षानुवर्षे पाहिलेल्या माणसांचा आहे. अंबाडीचे अभ्यास चार-सहा आठवड्यांचे, थोड्या माणसांचे आणि बहुतांशी सौम्य रक्तदाबाचे आहेत. चहामुळे पक्षाघात टळला, असे दाखवणारा अभ्यास नाही. वैद्यकीय पुराव्यांची कठोर छाननी करणाऱ्या कॉक्रेन समूहाच्या २०२१ च्या आढाव्याने अंबाडीबाबतचा पुरावा अपुरा ठरवला आहे. यातून निघणारा अर्थ सरळ आहे. ज्याचा दाब १३५-१४५ च्या आसपास आहे, त्याला चहाची मदत होण्यासारखी आहे. ज्याचा दाब १७० आहे, त्याचे सात अंक उतरले तरी तो १६३ वर, म्हणजे धोक्यातच राहतो. त्याने चहावर विसंबणे म्हणजे वेळ गमावणे.

बाकीच्या पेयांचे काय? साखर-दूध न घातलेल्या ग्रीन टीने दाब उतरतो, पण सरासरी दोन अंकांच्या आसपास. अर्जुनाच्या सालीचा अभ्यास प्रामुख्याने छातीत येणारी कळ आणि हृदयाचा अशक्तपणा यांसाठी झाला आहे. बीपी उतरवण्यासाठी तिचा आधार घ्यावा इतका भक्कम पुरावा नाही. तुळस आणि गवती चहा चवीसाठी, घशासाठी खुशाल घ्यावेत, बीपीचे औषध म्हणून नव्हे. एका वस्तूबाबत मात्र खास सावध राहायला हवे, ती म्हणजे ज्येष्ठमध. खोकल्याच्या काढ्यांत आणि बाजारातल्या अनेक ‘हर्बल’ मिश्रणांत गोडसर चवीसाठी ते घातलेले असते. त्यातल्या ग्लिसरायझिन या द्रव्यामुळे शरीर मीठ-पाणी धरून ठेवते, पोटॅशियम बाहेर टाकते आणि रक्तदाब वाढतो. बीपी उतरवायला म्हणून आणलेल्या पाकिटात बीपी वाढवणारी वस्तू निघू शकते. म्हणून घटकांची यादी वाचल्याशिवाय कोणतेही तयार मिश्रण घेऊ नये, आणि ज्यावर यादीच नाही ते पाकीट दुकानातच राहू द्यावे.

वनस्पती आहे म्हणून ती सौम्यच असेल, हा समज किती चुकीचा आहे, याचा धडा महाराष्ट्रातच घडलेल्या एका मोठ्या संशोधनात आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर सर्पगंधेच्या मुळीचा परिणाम तपासला आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निष्कर्ष मांडले. रक्तदाबावर परिणामकारक औषधे जवळजवळ नव्हतीच, अशा त्या काळात या लेखाने जगभरच्या डॉक्टरांचे लक्ष भारतीय मुळीकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या संशोधकांनी त्या मुळीतून रिसर्पिन वेगळे केले, आणि १९५७ मध्ये डॉ. वकील यांना लास्कर पुरस्कार मिळाला. सर्पगंधा खरोखर काम करते, आणि नेमक्या त्याच कारणाने ती घरच्या काढ्यात घालायची वस्तू नाही. रिसर्पिनची मात्रा मिलिग्रॅमच्या अंशांत असते. ती थोडी वाढली तरी दाब फार खाली जाणे, नाडी मंदावणे, मनावर खोल उदासी येणे असे परिणाम दिसू शकतात. एका मुळीत द्रव्य किती आणि दुसरीत किती, हे घरी कोण मोजणार? ज्या वनस्पतीत औषधाची ताकद आहे तिला औषधासारखेच वागवावे लागते, म्हणजे मात्रा ठरवून, देखरेखीखाली आणि इतर औषधांशी मेळ पाहून. हाच नियम अंबाडीलाही लागू होतो, सौम्य असली तरी.

म्हणून अंबाडी घ्यायचीच असेल तर नीट घ्यावी. अभ्यास झाले ते लाल अंबाडीच्या बोंडांवर, म्हणजे फूल गळल्यावर बीजकोशाभोवती राहणाऱ्या मांसल लाल निदलपुंजावर. ज्या अंबाडीच्या काड्यांपासून दोरखंडाचा वाख काढतात तिची बोंडे बारीक आणि कोरडी असतात, ती या कामाची नाहीत. घरच्या कुंडीतली जास्वंद ही वेगळी वनस्पती आहे, आणि अंबाडीच्या पाल्याची भाजी चवीला कितीही छान असली तरी या अभ्यासांचा पुरावा तिला लागू होत नाही. खरिपात पेरलेल्या लाल अंबाडीची बोंडे दिवाळीनंतर भरतात. ती तोडून, आतला बीजकोश काढून, धुऊन, स्वच्छ कापडावर सावलीत कडक वाळवावीत आणि घट्ट झाकणाच्या बरणीत भरावीत. टफ्ट्सच्या अभ्यासात एका पेल्याला, म्हणजे २४० मिलिलिटर उकळत्या पाण्याला, सव्वा ग्रॅम सुकी अंबाडी घेऊन ती सुमारे सहा मिनिटे झाकून ठेवत, आणि असे दिवसाला तीन पेले देत. घरी इतके बारीक वजन करणे अवघड जाते. त्यासाठी किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ३८ ग्रॅम तोलून त्याच्या दहा सारख्या पुड्या कराव्यात. एक पुडी एका दिवसाची. साखर किंवा गूळ घालू नये. पेय आंबट असल्याने अॅल्युमिनियमचे पातेले, तांब्याचे किंवा कल्हई नसलेले पितळेचे भांडे वापरू नये, स्टील किंवा काच बरी. प्यायल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी, म्हणजे दातांना आंब लागत नाही.

यवतमाळच्या वाचकांनी दोन गोष्टींकडे आणखी काळजीने पाहावे, कारण त्या याच मातीतल्या आहेत. पहिली फवारणीची. २०१७ च्या खरिपात कपाशीवर कीटकनाशके फवारताना झालेल्या विषबाधेत या जिल्ह्यातले वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. ज्या पऱ्हाटीवर ही औषधे पडतात, तिच्या धुऱ्यावरच्या अंबाडीवरही ती पडतात. बोंडे धुतली तरी सगळा अंश जातोच असे नाही. त्यामुळे चहासाठीची अंबाडी परसात किंवा फवारणी न होणाऱ्या तुकड्यात वेगळी लावावी. दुसरी गोष्ट पाण्याची. केळापूर, झरी जामणी या पट्ट्यातल्या अनेक गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा पर्यायच नसेल तर दीड मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, असे भारतीय मानक सांगते. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण फ्लोराइड जात नाही, ते भांड्यातच उरते. चार पेले पाणी आटवून एक पेला काढा केला, तर चार पेल्यांतले फ्लोराइड त्या एका पेल्यात येते. म्हणून अशा गावांत काढा आटवण्याची रीत सोडावी, उकळलेले पाणी बोंडांवर ओतून झाकून ठेवावे, आणि त्यासाठी तपासलेल्या सुरक्षित स्रोताचे पाणीच वापरावे.

काही जणांनी हा चहा घेऊच नये किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. गर्भवतींनी तो टाळावा. गरोदरपणात बीपी वाढणे हा आई आणि बाळ दोघांच्या जिवाशी खेळ असतो, तिथे घरगुती उपायाला जागा नाही, थेट रुग्णालय गाठावे. मूत्रपिंडाचा आजार, मुतखड्याचा त्रास, आधीच कमी राहणारा रक्तदाब किंवा आम्लपित्ताचा मोठा त्रास असलेल्यांनीही दूर राहावे. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर जास्त उतरू शकते, तेव्हा त्यांनी डॉक्टरांना सांगूनच सुरुवात करावी. बीपीच्या गोळ्या चालू असताना चहा घेतल्यास दोन्हींचे परिणाम एकत्र येतात. विदर्भातल्या मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर असतो, घामाने शरीरातले पाणी गेलेले असते आणि त्यात लघवी वाढवणारी गोळी असेल, तर उठताना चक्कर येऊन पडण्याचा धोका खरा असतो. अशी चक्कर येऊ लागली तर चहा थांबवावा आणि बीपी मोजून घ्यावा. गोळी मात्र स्वतःच्या मनाने थांबवू नये.

उपयोग होतो की नाही, हे ठरवायची रीत प्रत्येकाच्या हाती आहे. चहा सुरू करण्याआधी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ बीपी मोजून वहीत लिहावा. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, खर्रा काहीही नको. लघवी करून यावे, पाठ टेकून पाच मिनिटे शांत बसावे, पाय जमिनीवर टेकलेले, हात हृदयाच्या उंचीवर टेबलावर ठेवलेला, पट्टा उघड्या दंडावर, आणि बोलणे बंद. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून उरलेल्यांची सरासरी काढावी. मग सहा आठवडे चहा घेऊन शेवटच्या आठवड्यात पुन्हा तसेच मोजावे. या काळात गोळी, जेवण, मीठ यांत बदल झाला असेल तर तोही लिहावा, नाहीतर श्रेय कोणाचे ते कळणार नाही. सरासरी उतरली नसेल तर तुमच्यापुरता हा चहा फक्त एक आंबट पेय आहे, तो चालू ठेवण्याचा हट्ट धरू नये. आणि आकडा १८०/१२० च्या पुढे गेला, सोबत छातीत दुखणे, धाप, बोलताना अडखळणे, तोंड वाकडे होणे किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे यांपैकी काही दिसले, तर एक क्षणही काढा करण्यात घालवू नये, १०८ ला फोन करावा.

या मांडणीवर काही आक्षेप येतील, आणि ते रास्त आहेत. पहिला असा की आयुर्वेदाला हजारो वर्षांचा अनुभव असताना चार-सहा आठवड्यांच्या अभ्यासांची मातब्बरी कशाला? अनुभवाचा मान राखूनच याचे उत्तर द्यायला हवे. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याची रीत १८९६ मध्ये रिव्हा-रोची यांनी दिली आणि स्टेथोस्कोपने ऐकून वरचा-खालचा आकडा काढण्याची पद्धत १९०५ मध्ये कोरोत्कॉफ यांनी. त्याआधी लक्षणे न दाखवणारा वाढलेला दाब अंकांत मोजायला कोणाकडे साधनच नव्हते. जे मोजता येत नव्हते, ते काढ्याने उतरले की नाही याचा अनुभव साठणार कसा? शिवाय मात्रा, काळ आणि रोग्याची प्रकृती पाहून औषध द्यावे, हा आग्रह आयुर्वेदाचाच आहे. मुठीने साल टाकून घरभर एकच काढा पाजणे त्या शास्त्रालाही मान्य नाही. दुसरा आक्षेप गोळीचा: ती एकदा सुरू झाली की जन्मभर सुटत नाही. खरे तर जन्मभर राहतो तो आजार, गोळी त्याला आवरते. वजन, मीठ, व्यसन आटोक्यात आल्यावर दाब उतरला, तर डॉक्टर मात्रा कमी करतात. पण ते आकडे पाहून त्यांनी करायचे असते. अॅम्लोडिपिनने पायावर सूज आली तर गोळी बदलता येते, पक्षाघात झाल्यावर गेलेला हात परत आणणे फार कठीण असते.

तिसरा आक्षेप उलट बाजूचा, काही डॉक्टरांचा: पुरावा इतका तोकडा असेल तर चहाचे नावच कशाला काढायचे? याचे कारण असे की लोक काढे घेतच असतात. डॉक्टर झिडकारतात म्हटल्यावर ते सांगणे बंद करतात, आणि गोळी व काढ्याची गाठ पडून काही बिघडले तर कोणाला पत्ताच लागत नाही. ‘काय काय घेता?’ असे आपुलकीने विचारले, तर रुग्ण अंबाडीही सांगेल आणि सांधेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅकची गोळीही सांगेल. या वेदनाशामक गोळ्या बीपी वाढवतात आणि बीपीच्या औषधांचा जोरही कमी करतात. निंदण-वेचणीच्या हंगामात त्या सर्रास घेतल्या जातात. त्यामुळे हे सांगणे-विचारणे चहापेक्षाही मोलाचे ठरू शकते.

शेवटी चहाला त्याच्या जागी ठेवून पाहावे. अंबाडीचा पेला दिवसातल्या साखरेच्या दोन-तीन चहांची जागा घेत असेल, तर वजन आणि साखर या दोन्हींना त्याची मदत होते. तो रोजच्या खाण्यात भर म्हणून आला आणि लोणचे, पापड, ठेचा तसाच राहिला, तर एका हाताने मिळवलेले दुसऱ्या हाताने जाते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा भरेल इतके मीठ पुरे म्हणते, आणि भारतीय माणूस सरासरी त्याच्या दीडपट ते दुप्पट खातो. आंबट चवीने कमी मीठही पुरेसे वाटते. म्हणून अंबाडीची चटणी किंवा भाजी मीठ अर्धे घालून करणे हाही बीपीवरचा एक उपायच आहे. खर्रा सोडणे हा त्याहून मोठा, कारण त्यातली तंबाखू दर वेळी दाब वर ढकलते आणि रक्तवाहिन्या बिघडवते.

तेव्हा कामाचा क्रम असा ठेवावा. वय तिशीच्या पुढे असेल तर या आठवड्यातच गावच्या उपकेंद्रावर, आता ज्याला आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात तिथे, बीपी मोजून घ्यावा. तपासणी मोफत असते, आणि आशाताईंना विचारले तर दिवस-वेळ कळते. आकडा जास्त निघाला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात निदान पक्के करून गोळी सुरू करावी, ती तिथे मोफत मिळते. गुंतागुंत असेल तर यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. मीठ अर्ध्यावर आणावे, खर्रा सोडावा, रोज अर्धा तास चालावे. हे सगळे सुरू झाल्यावर, डॉक्टरांना सांगून, मोजून तोललेली अंबाडी जोडीला घ्यावी आणि वहीतले आकडे पाहत राहावे. चहा गोळीच्या सोबतीने चालला तर तो मदतीला येतो. गोळीची जागा घ्यायला निघाला तर त्याला थांबवणे हे घरातल्या प्रत्येकाचे काम आहे.